हलिमाचा चौथा शब्द

खुराड्याचं दार सताड उघडं होतं आणि आत एकही कोंबडी नव्हती. इलायस गुडघ्यांवर बसला. हात खांद्यापर्यंत आत घालून त्यानं कोपरा न् कोपरा चाचपला. हाताला लागलं ते थंडगार गोणपाट आणि दोन-चार पिसं.

रातपाळी करून तो आत्ताच अस्करच्या कारखान्यातून आला होता. अंगात भट्टीची ऊब थोडी शिल्लक होती, ती आखाताकाठच्या मआमीर गावाच्या वाऱ्यानं गल्लीच्या तोंडाशीच काढून घेतली. ब्याऐंशीचा म्हणा, त्र्याऐंशीचा म्हणा, तो हिवाळा असा होता की गल्लीतली मांजरं जन्माची वैरं विसरून एका खोक्यात झोपत. नळातून पाण्याआधी बर्फाची कांडी पडली असं सांगणारे आजही भेटतात. सांगणारा एकच आहे, पण तो पुष्कळांना भेटतो.

कोंबड्या जोसेफीनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या. वसईहून येताना तिनं तांदळाच्या पिठात पुरून अंडी आणली होती आणि सबंध प्रवासात डबा मांडीवरून उतरवला नव्हता. एक पिल्लू कस्टमवाल्यासमोरच डब्यातून चिवचिवलं, असं ती सांगायची. खरं तर अंडी फुटली ती शेजारच्या हलिमाच्या खुडूक कोंबडीखाली. पण सांगताना जोसेफीन इतकी हसायची की इलायसनं ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही.

ऑक्टोबरात मूल पोटातच गेलं. त्यानंतर तिनं खाट धरली. आधी हसणं गेलं, मग बोलणंही. एवढंच उरलं होतं, की सकाळी परसातून कोंबड्यांची कुरकुर ऐकू आली की ती मान खिडकीकडे वळवायची. ही मान वळते आहे तोवर आपलं माणूस आपलं आहे, असं इलायसनं मनाशी धरलं होतं.

त्या एका मानेसाठी त्यानं काय नाही केलं! खुराड्याला दुहेरी गोणपाट शिवलं, फटींत वर्तमानपत्रं कोंबली, आत बल्ब टांगला. वाऱ्यानं वायरच तोडली. काल सकाळी एक तलंग आखडून पडली. ती त्यानं कोटाखाली लपवून नेली आणि लांब जाऊन पुरली. घरात खऱ्या उबेची एकच वस्तू होती. जोसेफीनच्या आईच्या लाल लुगड्याची, बाळासाठी शिवलेली गोधडी. ती पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली जोसेफीनच्या गळ्यात, क्रुसाशेजारी. ती मागायची त्याची छाती झाली नाही.

"हलिमा!" तो भिंतीवरून ओरडला. "माय चिकन! मुर्गी! कोंबडी!" त्याच्या तिन्ही भाषा संपल्या.

म्हातारी हलिमा पलीकडे अंगणात कोळसे फुंकत होती. तिला इंग्रजीचे तीन शब्द येत: हेलो, टी आणि गुड. इलायसचं अरबी त्याहून गरीब. नवीन आला तेव्हा साखर मागितल्यावर दुकानदार "मफी" म्हणाला, तर यानं मोठ्या मनानं त्याला माफ केलं होतं आणि आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्याला होता. मफी म्हणजे नाही, हे पुढे जोसेफीननं सांगितलं. तिचं बरं होतं. ती भिंतीला टेकून हलिमाशी तासन् तास बोलायची.

हलिमानं वर पाहिलं. हात मागं उडवला. "मफी बर्द," ती म्हणाली. "मफी बर्द. खलास!"

मफी बर्ड. पाखरं नाहीत, संपली. म्हातारी आज इंग्रजीचा चौथा शब्द शिकली होती, आणि तो नेमका हा.

आता आत जाऊन काय सांगायचं? मागच्या दारात त्यानं दोनदा बूट काढले, दोनदा घातले. शेवटी शिरला.

खाट रिकामी होती. पेटी उघडी. कुलपाला किल्ली लटकत होती आणि गोधडी नव्हती. पुढचं दार वाऱ्यानं आपटत होतं.

मआमीरहून समुद्र लांब नाही. इलायस धावत सुटला. ओहोटी होती. चिखल दूरवर पसरला होता, शिशासारखा, आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. त्यानं हाक मारली, ती वाऱ्यानं त्याच्याच तोंडावर परत आणून टाकली. "हे आमच्या स्वर्गातील बापा," त्यानं सुरुवात केली. जन्मभर पाठ असलेली प्रार्थना त्याला पुढे आठवेना. गुडघे चिखलात टेकून तो तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मागून कुणीतरी त्याचा कोट ओढला. हलिमा होती. धापा टाकत, अनवाणी, अबाया चिखलानं भरलेला. "मफी बर्द!" ती खेकसली. "यल्ला!"

"कळलं, बाई," इलायस म्हणाला. "सगळंच मफी. एकदा सांगितलंस ना, पुरे की."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. मग हट्टी बोकडाला न्यावं तसं त्याला बाहीला धरून फरफटत नेलं, स्वतःच्या दारातून, स्वतःच्या स्वयंपाकघरात.

शेगडीत कोळसे फुलले होते. शेगडीपाशी जोसेफीन बसली होती. तिच्या मांडीवर लाल गोधडी होती आणि गोधडीच्या घड्यांतून लाल तुरे वर आले होते. एक कोंबडी तर डोळे मिटून घोरत होती, असं म्हणतात.

हलिमानं एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यानं गोधडीकडे बोट केलं आणि बहिऱ्याला सांगावं तसं तोडून तोडून म्हणाली, "मफी. बर्द."

जोसेफीननं मान वळवली, या खेपेला त्याच्याकडे. ओठ हलले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला.

"येड्या," ती म्हणाली, "ती सांगते, थंडी नाही आता."