डाव्या दंडावरचा वण

“बाह्या वर करा,” अधिकाऱ्याने सांगितलं, आणि कारखान्यातली शिलाई मशिनं एकदम थांबली.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला त्यांनी रुग्णांच्या रांगेसमोरून उठवून आणलं होतं. बायकांचे दंड तपासायचे, तर बाईमाणूस हवं. काम सोपं होतं. सीमेच्या अलीकडे तान्ह्या बाळाला लस टोचतात ती डाव्या दंडावर, पलीकडे उजव्या. कागद खोटे करता येतात, वण करता येत नाही. वण डाव्या दंडावर असला तर मशिनवर परत बसायचं, नाहीतर दाराशी उभ्या असलेल्या गाडीत. ती गाडी थेट सीमेवर जाणार होती.

सिस्टरला यात काही गैर वाटत नव्हतं. परदेशातली सून रीतसर इकडे आणायला तिने तीन वर्षं खेटे घातले होते. मग तारेखालून घुसणाऱ्यांनी मजेत राहायचं, आणि रांगेत उभे राहिलो ते आम्ही खुळे? हे ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. फक्त एकेक दंड आपल्याला असा हातात धरावा लागेल, हे तिच्या कधी ध्यानीमनी नव्हतं.

काजं करणारी म्हातारी पहिली आली. “कातडं लोंबतंय नुसतं. वण सापडला तर मलाही दाखव, बाई,” ती म्हणाली. दोघीचौघी हसल्या. वण सापडला. पुढच्या सातजणीही सुटल्या. नववीच्या वेळी सिस्टर हळूच म्हणाली, “उजवा.” गळ्यातली कात्री काढून त्या बाईने मशिनवर ठेवली आणि स्वतःच गाडीकडे चालू लागली.

मग इस्त्रीवाली मुलगी आली. डाव्या दंडाला फडकं गुंडाळलेलं. सिस्टरने ते सोडलं. आत इस्त्रीच्या टोकाएवढं भाजलेलं होतं, चारेक दिवसांचं, कडेने पू धरलेला. उजवा दंड कोरा.

मुलगी खाली बघत सांगत होती. तिच्याकडे कागद नाहीत. तपासणी येणार आणि दंडावरच्या वणावरून माणसं उचलणार, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कोणत्या दंडावरच्या, ते कुणी सांगितलं नाही. घाबरून तिने होता तो वण इस्त्रीने जाळून टाकला.

“इथलीच आहे मी, सिस्टर. तुमच्याच दवाखान्यात जन्मले.”

“पलीकडची, जिला जन्मात लस टोचलेली नाही, तीही डावा दंड जाळून हेच सांगेल,” अधिकारी म्हणाला.

त्याचं काही चुकत नव्हतं. सिस्टरच्या मनातही नेमकं तेच आलं होतं.

“बोला, सिस्टर. खाली वण होता का? तुम्ही म्हणाल तसं लिहितो.”

तिने दंड उजेडाकडे वळवला. जखमेच्या कडेला काही दिसेना. तीस वर्षांत हजारो बाळं हातांखालून गेली होती, आणि सुई टोचल्यावर सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात. न टोचलेली लस तिने आजवर नोंदवहीत एकदाही लिहिली नव्हती.

“होता,” ती म्हणाली. “मीच टोचली होती. आठवते मला ही.”

अधिकाऱ्याने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि यादीवर खूण केली. सिस्टर जखम पुसून पट्टी बांधायला लागली. पट्टी दोनदा सुटली.

तिने मान वर केली तेव्हा कारखान्यात कुणी हलत नव्हतं. उरलेल्या बायका आता अधिकाऱ्याकडे बघत नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या.

पुढची बाई तिच्याच वयाची होती. दोन्ही बाह्या तिने आधीच वर केल्या होत्या आणि उजव्या दंडावर तळहात घट्ट दाबून धरला होता. ती सिस्टरच्या अगदी जवळ आली आणि तिने विचारलं, “आणि मी, सिस्टर? मी आठवते का?”