ताजा नमुना

"अकरापैकी एकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खोलीतले सगळे सुनेकडे बघायला लागले.

सगळे म्हणजे तिचा नवरा आणि सासूबाई. आदल्या दिवशी तिची अकरा अंडी काढून काचेच्या बशीत ठेवली होती आणि त्यांच्यात नवऱ्याचे शुक्राणू सोडले होते. रात्रीतून निदान पाच-सहा तरी फळायला हवी होती. बशी आपली होती तशीच.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. "चिमणीएवढं जेवायचं आणि दिवसभर त्या कॉम्प्युटरला चिकटून बसायचं. अंड्यात जीव येणार कुठून?"

"वयाचाही भाग असतो," डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "अंड्यांची प्रत कमी पडली असेल."

तिने कित्येक दिवस पोटात सुया टोचून घेतल्या, पोटाचा अजून ढोल झालेला, बसलं की कळ येतेय, आणि वर ही प्रत. जन्मात कधी नापास झाली नव्हती, तेवढं राहिलं होतं.

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. मी तुला दोष देत नाही," तो म्हणाला. एवढ्या मोठ्या मनाने म्हणाला, की सासूबाईंचे डोळेच भरून आले.

"अजून एक संधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत अंडी तग धरतील. आता नुसतं सोडायचं नाही, सुईने एकेका अंड्यात एकेक शुक्राणू घालायचा. आशा कमी असते, पण असते. पुन्हा ताजा नमुना हवा, सकाळी फोनवर सांगितलं होतं तसा."

"आणलाय की!" नवऱ्याने पायाशी ठेवलेली निळी पेटी उचलून टेबलावर ठेवली. तो भाजीपाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होता, पेटी तिथलीच. झाकण उघडलं तसा गार धूर वर आला आणि डॉक्टरीणबाईंचा नुकता पुसलेला चष्मा धुरकटला. आत बर्फात गळ्यापर्यंत रुतून नमुन्याची बाटली बसली होती.

"हे काय?"

"नमुना. तासाभरापूर्वीचा."

"बर्फात?"

"कालही असाच आणला होता. पेटी गाडीत ठेवली आणि बाटली तेवढी आत दिली. पण काल बर्फ जरा कमी पडला, म्हणून आज दुप्पट घातला. आमच्याकडे मटार सहा-सहा महिने राहतो, मॅडम. दाणा सुकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, अंगाच्या उबेत आणायचा असतो! खिशात घाला, काखेत धरा. गारठले की झोपतात ते. तरीच काल लॅबवाले म्हणत होते, फारच सुस्त आहेत म्हणून."

"मग काल का नाही बोललात?" तिने विचारलं.

"म्हटलं, यांना वाईट वाटेल. पुरुषांना फार लागतं हो असं काही बोललेलं."

मग सासूबाई म्हणाल्या, "होतो एखाद्याचा गैरसमज," आणि डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. तिचा होता तोवर तो दोष होता. त्याचा निघाल्याबरोबर गैरसमज झाला.

"म्हणजे आता परत?" नवऱ्याचा चेहरा पडला. "इथे? असं टेन्शन दिल्यावर कुणाला जमणार आहे?"

"बाळा, तू आधी पाणी पी," सासूबाई त्याची पाठ चोळायला लागल्या. "कोणी काही बोलू नका गं त्याला. डॉक्टर, जरा आडवा होऊ दे त्याला." डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या पलंगाकडे हात केला. तो आडवा झाला. त्याने डोळेसुद्धा मिटले.

ती पोट धरून उठली. बोळाच्या टोकाला नमुना द्यायची खोली होती. तिथे जाऊन सगळं नीट बघून आली आणि पलंगापाशी उभी राहिली.

"ऊठ."

"अगं, हे असं हुकमावर होतं का?"

"माझं काल हुकमावरच झालं. ऊठ."

त्याने आईकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग उठला. नवी बाटली त्याच्या हातात देऊन तिने त्याला खोलीत घातलं आणि दार ओढून घेतलं. पेटीतला बर्फ बेसिनमध्ये ओतला, रिकामी पेटी दारासमोर पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"अशी दारात ठाण मांडलंस तर त्याला सुचेल का काही?" मागून आलेल्या सासूबाई कुजबुजल्या.

"बाटली मीच नेणार आहे लॅबमध्ये, आई. काखेत धरून."

सासूबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पेटी अजून गार होती, पण हळूहळू तापत होती.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. "अगं ए, ऐकतेस का? इथे भयंकर उकडतंय! एसीचा रिमोट कुठे दिसत नाही!"

"असेल तिथेच. शोध," ती म्हणाली, आणि मुठीतला रिमोट तिने आणखी घट्ट धरला.