आप्पासाहेबांचा ‘नो सिग्नल’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बजाजनगरातल्या आप्पासाहेबांचा जुना कॉम्प्युटर काही केल्या चालेना. पडद्यावर नुसतंच ‘नो सिग्नल’. सून श्रेयाची थोड्याच वेळात नोकरीसाठी ऑनलाइन टायपिंगची परीक्षा होती.

“बायकांचा हात लागला की मशीन बिघडतंच,” आप्पासाहेबांनी निकाल दिला.

“आप्पा, मागची केबल बघू का जरा?”

“हात लावू नको! हयात गेली माझी कंपनीत मशिनी दुरुस्त करण्यात. तू मला शिकवती व्हय?”

मग त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत फुंकर मारली, रॅम काढून खोडरबरानं घासली, मॉनिटरला दोन चापट्याही हाणल्या. तेवढ्यात परीक्षेची वेळ टळून गेली. श्रेया पोळ्या लाटायला गेली. आप्पासाहेबांनी हात टेकले आणि ते हात जोडायला देव्हाऱ्यापुढं आले.

तिथं खंडेनवमीला त्यांनीच मांडलेली पूजा तशीच होती. विळा, पाना, पक्कड. आणि एवढा जड कॉम्प्युटर कोण उचलून आणणार, म्हणून त्याची मागून उपटून आणलेली केबल. हळदीकुंकवासकट.

आप्पासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज चढवला,

“श्रेया! दसरा होऊन गेला, पूजा उचलायला कुणाची वाट बघती गं?”