बाभळीवरची ताजी खूण

जालिंदरने गाडी थांबवली आणि तो त्या एकट्या बाभळीपुढे उकिडवा बसला. खोडावर गुडघाभर उंचीला साल सोलली होती. सोललेले धागे ओले होते. चीक बोटाला चिकटला.

"मालक, हे उंटाचं काम नाही," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "उंट वरून ओरबाडतो. इथं शिंगं घासलीत. हरणाचा नर आहे. आज सकाळचाच."

म्हातारे मालक, ज्यांना सगळे बू जाफर म्हणत, त्याच्या शेजारी वाळूत टेकले. दोह्यापासून लांब, दुखानच्या तेलविहिरींच्या दक्षिणेला वाळवंटात त्यांचा मळा होता, आणि जालिंदर तिथं पाण्याचा टँकर चालवायचा.

"या बाजूला हरीण उरलंच नाही म्हणतात," बू जाफर म्हणाले. "एकटाच आहे?"

"एकटाच. दुसरा नर असता तर आजूबाजूच्या झुडपांवर चुरशीच्या खुणा दिसल्या असत्या. मादीची पावलं तर कुठंच नाहीत."

मालकांनी सोललेल्या सालीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. तो कुठं हिंडतो, कुठं बसतो, नीट बघून ठेव. शुक्रवारी येऊ."

जालिंदर कोयनेकाठचा. बापाच्या मागं रान तुडवत सांबराच्या खुणा वाचायला शिकला. बाप म्हणायचा, "खाज सुटली म्हणून झाड घासत न्हाई त्यो. मी हितं हाय, ह्ये सांगतोय." इथं येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. बायको हौसाबाई गावी होती. तिला इकडं आणता येईल का, असं त्याने एकदा मालकांना विचारलं होतं. मालक "इन्शाल्ला" म्हणाले आणि विषय तिथंच राहिला. ड्रायव्हरच्या बायकोला कोण आणू देणार, हे पुढं त्यालाही कळलं.

त्या आठवड्यात तो रोज पाणी पोचवून झालं की बाभळीकडे जायचा. रोज नवी खूण असायची. कधी त्याच झाडावर, कधी ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या झुडपावर. ऐकायला कुणी नव्हतं, तरी नर सांगायचं सोडत नव्हता. मंगळवारी तो दिसला. वाळूच्याच रंगाचा, बारीक, मान ताठ.

"काय रं, आजबी कुणी आलं न्हाई?" जालिंदर गाडीतूनच म्हणाला. नर पळाला नाही. कितीतरी दिवसांनी आपण कुणाशी मनातलं बोललो, असं जालिंदरला वाटलं.

गुरुवारी सकाळी मालकांनी सांगितलं, "उद्या दोह्याहून माणसं येतील. मोठी गाडी धुऊन ठेव. मागं गवत अंथर, जाडसर."

मळ्यावरचा स्वयंपाकी केरबा पाटणचा. त्याने ते ऐकलं आणि कणीक मळता मळता थांबला.

"शिकारीला निघाल्यात," तो म्हणाला. "मालकाच्या बैठकीत भिंतीवर शिंगं टांगल्यात, बघितली न्हाईस? गवत रगात टिपायला."

"केरबाअण्णा, मीच दावलं की ओ त्यास्नी."

"मग आता काय करतूस? दावलंस ते दावलंस."

जालिंदर जेवला नाही. दुपारी गाडी काढून तो थेट बाभळीपाशी गेला. नर सावलीत बसला होता. ओळखीची गाडी बघून नुसता उभा राहिला. जालिंदरने हॉर्न दाबून धरला. नर थोडा लांब गेला आणि वळून बघू लागला. जालिंदरने खाली उतरून दगड उचलला.

"जा! जा म्हंतो न्हवं!"

पहिला दगड पायाशी पडला. दुसरा बरगडीत बसला. नर उधळला, जालिंदरने गाडी त्याच्या मागं घातली. दोनदा तो वळसा घेऊन बाभळीकडे परतला, दोनदा जालिंदरने त्याला पुन्हा पिटाळलं. शेवटी सौदीच्या दिशेला, जिथं झाड नाही की झुडूप नाही, तिथं तो वाळूच्या टेकाडांमागं दिसेनासा झाला. जालिंदर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. पण जीव वाचवला, हेही मनात होतं.

शुक्रवारी सकाळी मोठी गाडी बाभळीपासून जरा लांब थांबली. मागं दोह्याहून आलेली दोन माणसं आणि एक लाकडी पेटारा होता. आत काहीतरी धडपडत होतं. शिकारी कुत्री असणार, असं जालिंदरला वाटलं.

"मालक, तो गेला," तो म्हणाला. "कालपासून दिसत नाही."

बू जाफर हसले. जालिंदरने त्यांना एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"जाईल कुठं? हीच त्याची जागा, खुणा तूच दाखवल्यास ना? येईल." मग माणसांकडे वळून म्हणाले, "यल्ला, चला! हळू, हळू उतरवा."

पेटारा वाळूवर टेकला. म्हाताऱ्याने वाकून स्वतःच्या हाताने दार वर उचललं. आतून एक मादी बाहेर आली, दोन पावलं चालली, आणि मान उंच करून वारा हुंगू लागली.