चार अंश

"खरवडून काढा," काकू म्हणाली.

शिडीवरून नुकत्याच उतरलेल्या पुतणीला वाटलं, काकू चेष्टा करतेय. काकूला चेष्टा करताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण सकाळपासून पत्रा घासून, धुऊन, त्यावर दोन हात रंग मारलेल्या माणसाला शाबासकीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

"अगं, वाळलासुद्धा," ती म्हणाली. "पांढरा रंग ऊन परत पाठवतो, काकू. शेजारच्या बिनरंगाच्या पत्र्याखाली आहे त्यापेक्षा चार अंशांनी उतरलंय आत. आम्ही मोजलं."

"मोजलंत ना? आता होता तसा करून द्या."

गल्लीत पुतणीला 'हवामान खातं' म्हणत. ती आणि तिचे दोस्त सुट्टीच्या दिवशी लोकांची पत्र्याची छपरं पांढरी करत हिंडायचे. लोकांनी त्यांना हुसकावलं होतं, फुकट करताय म्हणजे नक्की काहीतरी विकायला आलाय म्हटलं होतं, एका गृहस्थाने तर कुत्रं सोडलं होतं. पण खोली गार झाली म्हणून भांडायला आलेली काकू पहिलीच. एका दोस्ताने हातातला ब्रश उगाचच पाठीमागे नेला.

अंगण एकच होतं. पुढे धाकट्या भावाची पत्र्याची खोली, मागे थोरल्याचं, म्हणजे पुतणीच्या बाबांचं, दुमजली घर. वर एक खोली रिकामी होती, म्हणजे तिच्यात इस्त्रीचं टेबल राहायचं. पत्र्याखाली काका, काकू आणि अर्धांगवायूने आडवी झालेली आजी. आई दोन्ही भावांची, अंथरूण एकाकडे.

काकूने आवाज खाली आणला. भांडता भांडता आवाज खाली आणणाऱ्या बाईला जरा जपूनच असावं.

"काल डॉक्टर येऊन गेले. घामाने पाठ सोलून निघालीय आजीची. म्हणाले, ह्या भट्टीत म्हातारं माणूस ठेवू नका, वर हलवा. तुझ्या बाबांच्या तोंडावर म्हणाले, त्यामुळे त्यांना मान डोलवावी लागली. उद्या सकाळी उचलायचं ठरलं. रात्री तिला कुशीवर वळवायला उठले ना, तर हसत उठले गं मी. वेड लागल्यासारखी."

"मग?"

"मग आज तुम्ही आलात."

"पण काकू, आजीला बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. तेच तर सांगतेय." काकूने पायाशी पडलेला रिकामा डबा पायानेच सरळ केला. "भारीतला दिसतोय. कुणी आणून दिला?"

रंग आईने दिला होता. ह्या सगळ्याला थेरं म्हणणाऱ्या आणि तिच्या दोस्तांना कधी पाणीही न विचारणाऱ्या आईने काल संध्याकाळी स्वतः दुकानात जाऊन डबे आणले होते. "जगाची छपरं रंगवतेस, आणि घरची म्हातारी उकडतेय ते दिसत नाही?" म्हणाली होती. पुतणीला भरून आलं होतं. आमच्या आईला पटलं बरं का, असं तिने दोस्तांना आवर्जून कळवलंही होतं.

तिने वर पाहिलं. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. एकेक कपडा, अगदी सावकाश.

"आई, काल डॉक्टर काय म्हणाले?"

"उकाड्यातून काढा म्हणाले."

"वर आणा म्हणाले ना?"

"आता कशाला?" आईने तोंडात धरलेला चिमटा काढला. "चार अंश उतरलं ना? इतक्या उन्हात तुम्ही पोरांनी केलेलं काम मी वाया गेलं म्हणू?"

"तिला विचार," काकू पुतणीला म्हणाली, "डॉक्टरांनाही कळवून झालं असेल ना?"

"तिला सांग, झालं," आई म्हणाली.

दोस्तांनी शिडी उचलली. निघायला काहीतरी निमित्त हवंच होतं, पण शिडी घेऊन दाराबाहेर पडायचं म्हणजे काकू आणि पुतणीच्या मधून जावं लागणार होतं. तेव्हा ती उचललेलीच धरून ते उभे राहिले.

"माझ्या खोलीत ठेवू तिला," पुतणी म्हणाली. "मी आणते वर."

"आण की," आई म्हणाली. एवढ्या पटकन, की उत्तर आधीच घडी करून ठेवलेलं असावं. "वळवणं, पुसणं, भरवणं तुझ्याकडे. मी बोटही लावणार नाही, आधीच सांगते. फक्त परवा तू महिन्याभराच्या शिबिराला निघालीस, तेवढं बघ. तिथे काय शिकवणार आहेत म्हणालीस? उन्हापासून माणसं कशी वाचवायची?"

पुतणीने दोस्तांकडे पाहिलं. दोस्तांनी शिडीकडे पाहिलं. शिबिरासाठी निवड व्हावी म्हणून तिने वर्षभर खटपट केली होती, आणि हे अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

काकूने थोडा वेळ वाट पाहिली. फार नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "रंग चांगला बसलाय."

आतून आजीची हाक आली. जीभ जड झाली होती, पण कान शाबूत होते. "सूनबाई, आज बरं वाटतंय गं. आता मला कुठे हलवू नका."

गॅलरीतल्या आईने शेवटचा कपडा काढला आणि ती आत गेली.

काकूही वळली. पुतणी दोन पावलं तिच्या मागे गेली, उंबऱ्यापर्यंत. काकूने आत शिरून दार लोटलं. मग कडीही लागली.

"उघडं ठेवलं तर गारवा जाईल," ती आतून म्हणाली.