माळावरची शिळावर्तुळं

हिंगण्यापलीकडच्या माळावर मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले होते. गाव पिढ्यानपिढ्या त्यांना देव समजून शेंदूर लावायचं. इतिहास शिकवणाऱ्या प्रेमानंद गजभिये सरांना ते बघवायचं नाही. शाळेत, ग्रामसभेत, पानठेल्यावर, जिथे माणूस भेटेल तिथे ते सांगत, "अरे, हे देव नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कबरी आहेत. आपला वारसा आहे, तो जपा."

हळूहळू लोकांना पटलं. यंदा माळावर कोणी नारळ घेऊन गेलं नाही. सरांना बरं वाटलं.

दिवाळीनंतर सर तिकडे गेले, तर तीन वर्तुळं नाहीशी झालेली. ट्रॅक्टरची चाकोरी थेट गावात येत होती. इंदूबाईच्या नव्या घराच्या पायाला तेच काळे दगड होते.

"इंदूबाई, हे काय केलं तुम्ही?"

"काहून, सर?" इंदूबाईनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. "तुमीच तं सांगतलं, देव नाही म्हणून. देव होते तवा कोणी बोट नाही लावे."

सरांनी वरपर्यंत अर्ज केले. पाहणी होईल, असं उत्तर आलं. तोवर ट्रॅक्टर चौथ्या वर्तुळाला लागला होता.

छप्पन साली सरांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव कन्हान नदीच्या पाण्यात सोडले. तेव्हापासून त्या घरात शेंदूर आला नव्हता.



परवा पहाटे, माळावर कोणी नसताना, सर उरलेल्या दगडांना शेंदूर फासत होते.