चार पातळ्या

“बाबा शेवटपर्यंत शुद्धीवर होते,” दादा भेटायला आलेल्या मावशीला सांगत होता. “व्हेंटिलेटर लावू दे का विचारलं, तर माझा हात दाबून हो म्हणाले.”

शलाकाच्या हातातला कप बशीवर आदळला.

एकाच तारेतून व्होल्टेजच्या दोनऐवजी चार पातळ्या पाठवून कॉम्प्युटरच्या मेमरीचा वेग वाढवणं, हे तिचं रोजचं काम. बाबांची वाचा गेली तेव्हा तिनं तेच त्यांच्या हाताला शिकवलं होतं. हलका दाब म्हणजे ‘पुरे’, थोडा जास्त म्हणजे ‘पाणी’, त्याहून जास्त म्हणजे ‘दुखतंय’ आणि घट्ट म्हणजे ‘हो’. दादालाही तिनं पुन्हा पुन्हा समजावलं होतं. “बाबा म्हणजे काय तुझी चिप आहेत का?” म्हणून तो हसला होता.

“किती जोरात दाबला?” तिनं विचारलं.

“दाबला म्हणजे दाबला. त्यात किती काय?”

तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि घट्ट आवळला. “असा?”

“नाही गं.”

मग तिनं बोटं नुसती टेकवल्यासारखी दाबली. “असा?”

“हो, असाच. अंगात ताकद कुठे उरली होती त्यांच्या?”

“त्याच सकाळी मी विचारलं होतं, ‘बाबा, घरी जायचं का?’” असं म्हणत तिनं आपला हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. बाबांच्या मुठीत अंगठी रुतून बोटावर उठलेला काळानिळा वळ अजून गेला नव्हता.